अस्पृश्यांचे धंदेशिक्षण : शाळा आणि कारखाना

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा मुंबईत परळला उघडली. मंडळीच्या कार्यात अक्षरांच्या जोडीला हातालाही काम शिकविले जाई. शिंद्यांच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वर्गणीवर चालणाऱ्या अशा सर्वच संस्थांची एक मर्यादा होती आणि सुधारणेच्या इतिहासकारांनी ती नीट पाहिलेली नाही. संस्था मुलाला हुन्नर शिकवी. तो हुन्नर जेथे विकायचा ते ठिकाण मात्र जातीच्या ताब्यात राही.

परळच्या गिरण्यांतच याचा पुरावा होता. अस्पृश्य कामगार सूतकताईला चाले, विणकाम खात्यात चालत नसे; आणि मजुरी जास्त ती विणकाम खात्यात. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेल्या धाग्याचा सवर्ण विणकराला विटाळ होई. यंत्र विलायतेचे, विटाळ मनूचा! येथे कोणत्या शाळेचा दाखला उपयोगी पडणार होता? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी लावून धरली. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना ती दुसऱ्या कोणी सुचवावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

बाबासाहेबांना संस्थांचे वावडे नव्हते. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत औद्योगिक व शेतकी शाळा काढणे हेही होते. परंतु पुढे त्यांचा रोख कारखान्याच्या दाराकडे वळला. ते सभासद असलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्ये गिरण्या व रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्यांना शिष्यवृत्त्या सुचविल्या. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखाने आणि रेल्वे यांकडेच बोट दाखविले. धंदा जेथे चालतो तेथेच तो शिकायचा, आणि तोही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आल्या त्या १९७३ च्या दुरुस्तीने. म्हणजे निवेदनानंतर ३१ वर्षांनी.

आज आमच्या वस्त्यांत शिवणाचे, संगणकाचे, वायरमनचे वर्ग चालविणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. माझे काही विद्यार्थी त्यांतून शिकले आहेत. किती मुले शिकली याचा आकडा या संस्था अहवालात ठळक छापतात. त्यांतली किती, कोठे आणि काय पगारावर लागली, हा रकाना मी पाहिलेल्या अहवालांत क्वचितच आढळला.