पत्ता बरोबर आहे ना?

हेरगिरीचा विषय निघाला की मराठी मंडळींच्या बैठकीत पहिले नाव येते ते बहिर्जी नाईकांचे. जालन्याच्या स्वारीनंतर शत्रू पाठीवर असताना बहिर्जींनी शिवाजी महाराजांना आणि फौजेला आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवले, ही हकिगत बखरीत येते. त्यातली एक गोष्ट आम्हाला नेहमी महत्त्वाची वाटते. ज्याने वाटेची माहिती काढली, तोच फौजेच्या पुढे चालत होता. वाट चुकली असती तर पहिला जीव त्याचा गेला असता. माहिती आणणारा आणि त्या माहितीवर पाऊल टाकणारा यांच्यात अंतरच नव्हते.

आजच्या युद्धात हे अंतर फार वाढले आहे. शत्रूचा संदेश एक जण पकडतो, त्याचा अर्थ दुसरा लावतो, नकाशावर जागा तिसरा शोधतो, हुकूम चौथा देतो आणि बॉम्ब पाचवा टाकतो. हे पाचही जण वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या शहरांत, कधी वेगवेगळ्या खंडांत बसलेले असतात. भूदल, वायुदल, नौदल आणि देशाच्या गुप्तचर संस्था यांनी मिळून लक्ष्य ठरवायचे आणि त्यावर घाव घालायचा, या कामाला आता संयुक्त लक्ष्यनिश्चिती म्हणतात. नाव जड असले तरी कामाचा क्रम सोपा आहे. आधी या हल्ल्यातून साधायचे काय ते ठरते. मग त्यासाठी कोणती जागा निकामी करावी हे सुचवले जाते. ती जागा खरोखर तीच आहे का, आजूबाजूला रुग्णालय, शाळा, वकिलात आहे का, हे तपासले जाते. त्याप्रमाणे शस्त्र निवडले जाते, मंजुरी मिळते, हल्ला होतो आणि शेवटी काय साधले याची पाहणी होते. गुप्तचरांचे काम यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर असते. मात्र सगळ्यात नाजूक पायरी तिसरी, म्हणजे जागेच्या खात्रीची. ती किती नाजूक असते हे दोन घटनांवरून नीट कळते.

पहिली घटना आपल्याच युद्धातली आहे. १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाच्या युद्धाला दहा-अकरा दिवस झाले होते. ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी आपल्या मिग-२१ विमानांनी आधीच उखडली होती, त्यामुळे तिथली पाकिस्तानी सेबर विमाने जमिनीला खिळली होती. ११ डिसेंबरला आपले छत्रीधारी सैनिक टांगाईलजवळ उतरले होते. ढाक्याचा वेढा आवळत होता, पण तिकडे संयुक्त राष्ट्रसंघात युद्धबंदीसाठी दडपण वाढत होते आणि अमेरिकेच्या सातव्या आरमाराची जहाजे बंगालच्या उपसागराकडे निघाली होती. अशा वेळी प्रत्येक दिवस मोलाचा होता.

१४ डिसेंबरला सकाळी भारतीय बाजूने एक बिनतारी संदेश पकडला. ढाक्यात दुपारी गव्हर्नर ए. एम. मलिक यांच्या उपस्थितीत महत्त्वाची बैठक होणार, अशी ती बातमी होती. पूर्व पाकिस्तानचे मुलकी सरकार एका छताखाली येणार होते. ही बातमी पूर्व विभागाकडून वायुदलाकडे गेली आणि वायुदलाने ती गुवाहाटीच्या तळाला कळवली. तिथे २८ व्या स्क्वाड्रनचे प्रमुख विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांना हुकूम मिळाला तेव्हा बैठकीला जेमतेम अर्धा तास उरला होता, आणि ढाक्यापर्यंतचे उड्डाणच सुमारे वीस मिनिटांचे होते.

बैठकीची जागा ढाक्याचे सर्किट हाउस असे सांगण्यात आले होते. ते दाखवायला नकाशा कोणता, तर पर्यटकांसाठी छापलेला ढाका शहराचा नकाशा. तो घेऊन वैमानिक विमानात बसले. इंजिन सुरू होत असताना एक अधिकारी धावत आला आणि त्याने बिश्नोईंच्या हातात एक चिठ्ठी दिली. लक्ष्य सर्किट हाउस नव्हे, गव्हर्नमेंट हाउस, एवढाच तिचा मजकूर होता. बिश्नोईंनी हा बदल बरोबरच्या वैमानिकांना बिनतारीवर लगेच सांगितला नाही. शत्रूच्या कानी पडू नये म्हणून ढाका जवळ आल्यावरच सांगितला. शहरावर पोहोचल्यावर त्यांनी मोठी बाग असलेली ती भव्य वास्तू डोळ्यांनी शोधली, खात्री करून घेतली आणि मगच चार विमानांनी १२८ रॉकेटे डागली. त्यापाठोपाठ दुसऱ्या तुकड्यांचीही विमाने आली.

आत काय घडले ते आपल्याला परक्यांच्या साक्षीने माहीत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे अधिकारी जॉन केली आणि ब्रिटिश पत्रकार गेव्हिन यंग त्या दिवशी तिथे होते. हल्ले चालू असताना तळघरात गव्हर्नर मलिक यांनी एका साध्या कागदावर बॉलपेनने राजीनामा लिहिला. नंतर ते आणि त्यांचे मंत्री रेडक्रॉसच्या संरक्षणाखालील इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात आश्रयाला गेले. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, जनरल नियाझींनी शरणागती पत्करली. ती या एका हल्ल्याने आली असे म्हणणे बरोबर होणार नाही. तिच्यामागे तिन्ही दलांची आणि मुक्तिवाहिनीची लढाई होती. पण मुलकी सरकारचा कणा त्या दुपारी मोडला, हे निश्चित.

आम्हाला या हकिगतीत सर्वांत मोलाची वाटते ती ती चिठ्ठी. ती चार-पाच मिनिटे उशिरा आली असती तर रॉकेटे भलत्याच इमारतीवर पडली असती. ‘आता विमाने निघाली, राहू द्या’ असे कोणी म्हटले नाही. कुणीतरी पुन्हा विचार केला, दुरुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत चालू राहिली आणि ती ऐकायला वैमानिक तयार होता. त्यावर आणखी एक खात्री होती, ती म्हणजे वैमानिकाची स्वतःची नजर.

दुसरी घटना १९९९ सालची. कोसोवोच्या प्रश्नावरून नाटोने २४ मार्चपासून युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू केले होते. लक्ष्ये कमी पडू लागली तेव्हा वेगवेगळ्या खात्यांकडून नवी लक्ष्ये मागवण्यात आली. अमेरिकेच्या सीआयएने युगोस्लाव्ह सरकारच्या लष्करी पुरवठा आणि खरेदी खात्याचे मुख्यालय सुचवले. त्या साऱ्या मोहिमेत सीआयएने स्वतः सुचवलेले हे एकमेव लक्ष्य होते, असे तिचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनी नंतर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले.

त्या कचेरीचा पत्ता त्यांच्याकडे अचूक होता. नवे बेलग्रेड, बुलेवार उमेत्नोस्ती, क्रमांक २. अडचण एवढीच की हा क्रमांक जमिनीवर नेमका कुठे येतो ते ठाऊक नव्हते. मग तीन नकाशे घेतले गेले, दोन तिथल्या बाजारातले आणि एक अमेरिकी सरकारचा. शेजारच्या समांतर रस्त्यावरच्या माहीत असलेल्या घरक्रमांकांवरून या रस्त्यावर २ क्रमांक कुठे असेल याचा अंदाज बांधला गेला. रानावनात सैनिकाला आपली जागा शोधायला ही रीत चालते. शहरातल्या घराच्या क्रमांकासाठी ती चालत नाही. आपल्या गावात १२ क्रमांकाच्या घराशेजारी ४७ क्रमांक कसा असतो, हे कुठल्याही पोस्टमनला विचारावे.

अंदाजाने जी इमारत निघाली ती चीनची वकिलात होती. खरे खरेदी खाते तिथून सुमारे ३०० मीटरवर होते. वकिलात १९९६ साली जुन्या बेलग्रेडमधून या नव्या जागी आली होती. अमेरिकेचे मुत्सद्दी तिथे जाऊन आले होते. तरी १९९७ च्या अमेरिकी सरकारी नकाशात ती जुन्याच जागी दाखवलेली होती, आणि हल्ल्यातून वगळायच्या स्थळांच्या यादीतही जुनाच पत्ता राहिला होता. त्यामुळे पुढच्या प्रत्येक तपासणीत निष्कर्ष एकच निघाला की इथे वर्ज्य असे काही नाही.

७ मे १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या बी-२ विमानाने उपग्रहाच्या मार्गदर्शनावर चालणारे पाच बॉम्ब टाकले. ते दिलेल्या ठिकाणी अचूक पडले. तीन चिनी पत्रकार ठार झाले. शिन्हुआ वृत्तसंस्थेच्या शाओ युनह्वान, आणि ग्वांगमिंग दैनिकाचे शू शिंगहू व त्यांची पत्नी झू यिंग. वीसहून अधिक माणसे जखमी झाली. चीनमध्ये अमेरिकेच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, दगडफेक झाली. अमेरिकेने माफी मागितली. मृतांचे नातेवाईक आणि जखमी यांच्यासाठी ४५ लाख डॉलर आणि इमारतीसाठी २ कोटी ८० लाख डॉलर भरपाई मान्य केली. पुढच्या वर्षी सीआयएने एका अधिकाऱ्याला काढले आणि सहा जणांवर ठपका ठेवला. जुन्या नकाशाचा हा खुलासा चीनने मात्र कधी मनापासून स्वीकारला नाही.

या प्रकरणात शंका कुणालाच आली नव्हती असे नाही. सीआयएमधल्याच एका मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याला ही इमारत खरेदी खात्याची नसावी असे वाटले होते. त्याने सहकाऱ्यांना फोन केले, युरोपातल्या लष्करी अधिकाऱ्यांपर्यंतही शंका पोहोचवली. पण ती शंका ठामपणे निर्णय घेणाऱ्यांसमोर आली नाही. ढाक्याची चिठ्ठी विमानापर्यंत पोहोचली, बेलग्रेडची वाटेतच राहिली.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत, म्हणून हे प्रकरण आम्हाला फार परके वाटत नाही. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. पहिला सही करतो, कारण पुढे दुसरा पाहणारच आहे. दुसरा सही करतो, कारण पहिल्याने पाहिलेच असेल. कागदावर दहा सह्या दिसतात, पण दहाही जणांनी तोच एक जुना नकाशा पाहिलेला असतो. दहा सह्या म्हणजे दहा तपासण्या नव्हेत. जागेवर जाऊन आलेल्या एका माणसाला विचारणे ही एक खरी तपासणी. बेलग्रेडला तो माणूस अमेरिकेच्या स्वतःच्याच परराष्ट्र खात्यात होता. त्याला कुणी विचारले नाही.

साधने सुधारली की चुका कमी होतील असे आपण धरून चालतो. या दोन घटना शेजारी ठेवल्या तर तसे दिसत नाही. १९७१ ला हातात पर्यटकांचा नकाशा आणि साधी रॉकेटे होती. १९९९ ला उपग्रह होते आणि जगातले सर्वांत महागडे विमान होते. अचूक शस्त्र चुकीच्या पत्त्यावरही तितकेच अचूक जाते. म्हणून शस्त्र जितके नेमके, तितकी पत्त्याची जबाबदारी मोठी.

आपल्या देशालाही याच काळात धडा मिळाला. बेलग्रेडची घटना घडली त्याच मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांवर घुसखोर सापडू लागले होते. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. वेगवेगळ्या संस्थांकडची माहिती एकत्र जुळवली जात नाही, हे तिने स्पष्ट मांडले. त्यानंतर २००२ साली तिन्ही दलांसाठी संरक्षण गुप्तचर संस्था उभी राहिली, पुढे तांत्रिक हेरगिरीसाठी वेगळी संस्था आली आणि २०२० साली तिन्ही दलांचे एक प्रमुख पदावर आले. या रचनेचा उद्देश तोच आहे. एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्याला वेळेत कळावी. पण रचना कितीही चांगली केली तरी चिठ्ठी घेऊन धावणारा माणूस लागतो, आणि ती वाचायला थांबणारा वरिष्ठ लागतो. तो सरकारी आदेशाने नेमता येत नाही. शंका काढणाऱ्याला गप्प न बसवण्याची सवय खात्यात असेल, तरच तो तयार होतो.

ढाक्याच्या त्या गव्हर्नमेंट हाउसचे नाव आता बंगभवन आहे आणि तिथे बांगलादेशाचे राष्ट्रपती राहतात. बेलग्रेडच्या वकिलातीच्या जागी चीनचे सांस्कृतिक केंद्र उभे राहिले आहे. तिथे मृतांच्या स्मरणार्थ शिळा आहे आणि दर वर्षी मे महिन्यात लोक तिच्यापुढे फुले ठेवतात.