डांबराचा खर्च कोणीं सोसावा?

दारापुढील डांबरी वाटेवर नवा थर देण्याच्या खर्चाचा अंदाज ऐकून आपण चपापतों. एके काळीं हाच प्रश्न साऱ्या देशापुढें होता. मोटारींच्या रबरी चाकांनीं मुरुमाची भुकटी उडून खडी उघडी पडे. वर डांबर हवें, पण पैसा कोणाचा? १९२७ सालीं मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. रस्तेसुधारणा प्रांतांच्या व लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेर चालली आहे, असें तिनें मांडलें. १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनवर २ आणे जादा कर बसला व त्यांतून रस्त्यांसाठीं मध्यवर्ती निधि उभा राहिला. बैलगाडीची लोखंडी धावही रस्ता कापीतच असे. तिला हा कर लागला नाहीं. मला तें रास्त वाटतें. शेतकऱ्याची गाडी डांबर मागावयास आलीच नव्हती.