रोजकीर्द आणि खतावणी : त्वरित टिपणाच्या पद्धतीचा पूर्वेतिहास

टिपणे ठेवण्यासाठी आज जी ॲप वापरात आहेत, त्यांत सुचलेली गोष्ट तात्काळ टाकून ठेवण्याची एक जागा असते. नोंद आधी, वर्गवारी मागाहून, हे तिचे तत्त्व होय. ते आजच्या यंत्रयुगात जन्मले असे मानण्याचे कारण नाही. मराठी हिशेबपद्धतीत ते पूर्वीच रुळलेले होते.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही एकोणिसाव्या शतकातील कापसाची मोठी पेठ. १८७० मध्ये जलंबहून लोहमार्गाचा फाटा तेथवर आला. अशा पेठेत ऐन हंगामात गाड्या येत असता, भाव ठरत असता व माल तोलला जात असता प्रत्येक व्यवहारागणिक ज्याचे त्याचे खाते उघडून बसणे मुनिमास शक्य नसते. म्हणून देशी वहीखात्यात कामाचे टप्पे पाडलेले आढळतात. व्यवहार प्रथम कच्च्या वहीत घडेल त्या क्रमाने उतरावयाचा; तो तपासून रोजमेळात घ्यावयाचा; आणि तेथून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावे चढवावयाचा.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात हीच व्यवस्था राज्यव्यापी स्वरूपात दिसते. दैनंदिन जमाखर्च रोजकीर्दीत तिथिवार लिहिला जाई. पुढे एकबेरीज दफ्तरात निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून त्यांच्या खतावण्या व तर्जुमे सिद्ध होत. लिहिणाऱ्याने केवळ काळाचा क्रम पाळावयाचा. विषयाचा विचार दुसऱ्याने, दुसऱ्या वेळी करावयाचा.

या लगबगीस लिपीचीही साथ होती. मोडीत ओळभर शिरोरेघ आधी ओढून घेत आणि लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिला जोडीत जात. या लिपीचे श्रेय परंपरा यादवांचा मंत्री हेमाद्री यास देते. मेहकर येथील जुन्या धर्मशाळेच्या हेमाडपंती बांधणीतही त्याचेच नाव टिकून आहे. श्रेयाचा हा वाद बाजूस ठेवला तरी मोडी ही शीघ्र लेखनाची आणि बालबोध ही सावकाश वाचनाची लिपी, हा भेद व्यवहारात स्पष्ट होता. शीघ्रतेची किंमत मात्र वाचणाऱ्यास मोजावी लागे.

या व्यवस्थेचे खरे बळ नोंदीच्या वेगात नव्हते, तर मागाहून होणाऱ्या वर्गवारीच्या नेमात होते. नाना फडणिसांच्या देखरेखीखाली हा नेम कसोशीने पाळला गेला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत, १७९६ ते १८१८ या काळात, तो ढिला पडला व दफ्तराची आबाळ झाली. दफ्तरखाना तोच, रुमाल तेच. परंतु लावून ठेवणारा हात थांबला की लिहिलेले असूनही सापडत नाही. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३४ पर्यंत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, त्यामागील खटाटोप पाहिला म्हणजे उशिरा केलेली वर्गवारी किती महाग पडते हे ध्यानी येते.

यावरून टिपणाच्या साधनाची रचना करणाऱ्याने तीन गोष्टी घ्याव्यात. नोंद करतेवेळी तारखेखेरीज काही विचारू नये. कच्ची वही रिकामी करण्याची वेळ ठरलेली असावी. आणि खतावणी झाल्यावरही मूळ नोंद तिथिक्रमाने जपावी. कारण खात्यावरील रकमेविषयी तंटा उपस्थित झाल्यास निवाडा रोजकीर्दीवरूनच करता येतो. यांपैकी दुसरी गोष्ट सुटली, तर पहिलीने केलेली सोय हीच अडगळीचे मूळ ठरते.