डीबगरच्या सेटिंग्जची हस्तपुस्तिका आणि तिचा बदलता वाचक : एक ऐतिहासिक वेध

बीजसंज्ञा : डीबगर, सेटिंग्ज, हस्तपुस्तिका, कृत्रिम बुद्धिमत्ता, एजंट

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची व त्यांच्या निर्मात्यांची चर्चा विपुल आढळते. यंत्रासोबत येणाऱ्या हस्तपुस्तिकेची मात्र अभावानेच. प्रस्तुत लेखात प्रोग्राममधील चुका शोधण्याच्या साधनाची, म्हणजे डीबगरची, सेटिंग्ज कोणासाठी लिहून ठेवली गेली आणि तो वाचक कसा बदलला, याचा विचार केला आहे.

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीसारख्या गावातून पाहता हा विषय दूरचा वाटेल. परंतु याच जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचे पाणी कोणत्या शेताला केव्हा सोडावे, हे ज्ञान मुख्यतः तोंडी चालत आले. ऐकणारा त्याच गावचा असल्याने अर्धे न सांगताही त्याला कळत असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. तोंडी ज्ञान मात्र कागदोपत्री हस्तांतरित होण्यासारखे नव्हते. वाचक बदलला की लेखनाची गरजही बदलते, एवढाच या उदाहरणाचा हेतू.

टिफ्रॅक ते जीडीबी :

हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात १९४७ मध्ये सापडलेल्या पतंगाची गोष्ट इतकी सांगून झाली आहे की ती येथे पुन्हा सांगत नाही. इतिहासदृष्ट्या अधिक मोलाचा ठरतो तो स्टॅनली गिल यांचा १९५१ मधील निबंध. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावरील प्रोग्राममधील चुकांच्या निदानाची पद्धतशीर चर्चा त्यात आढळते.

भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र चालू केले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले व १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. अशा यंत्राभोवती प्रोग्राम लिहिणारा व मंडल जाणणारा एकाच इमारतीत असे. पुस्तिकेत काही राहून गेले तरी विचारायला माणूस होता.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या जीडीबीने ही जवळीक संपवली. साधन जगभर गेले, विचारायचे माणूस गेले नाही. त्यामुळे जीडीबीची हस्तपुस्तिका विस्तृत झाली, आणि तिच्यात वाचकाला सावध करणाऱ्या जागाही आल्या. उदाहरणार्थ, ‘सेट’ ही एकच आज्ञा दोन कामांसाठी आहे : डीबगरचे सेटिंग बदलणे आणि प्रोग्राममधील चलाला किंमत देणे. ‘जी’ नावाच्या चलाला ४ ही किंमत द्यावी म्हणून ‘सेट जी = ४’ असे लिहिले तर चल तसेच राहते व ‘जीएनयू-टार्गेट’ हे सेटिंग मुकाट्याने बिघडते. पुस्तिका हा प्रसंग उदाहरणासह मांडून ‘सेट व्हार’ वापरण्यास सांगते. माणूस एकदा फसतो, चिडतो आणि लक्षात ठेवतो. पुस्तिकेने हे गृहीतच धरले आहे.

महाराष्ट्रात या परंपरेशी जवळचे काम आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरमध्ये प्रा. उदय खेडकर यांनी केले. जीसीसी या अवाढव्य कंपायलरची अंतर्रचना नवशिक्यांना कळावी म्हणून तेथे टिपणे तयार झाली व कार्यशाळा झाल्या. तेथेही वाचक विद्यार्थी, म्हणजे माणूसच होता.

नवा वाचक :

यंत्राने डीबगरशी बोलणे नवे नाही. जीडीबीमध्ये इतर प्रोग्रामांसाठी वेगळी संवादपद्धती फार पूर्वीच आली, आणि डिसेंबर २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत ‘डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल’लाही प्रारंभिक आधार मिळाला. मात्र ते प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने पुस्तिका आधी वाचलेली असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केल्यानंतर एजंटांना अशी साधने जोडून देण्यास वेग आला. आता पुस्तिका वाचणारा आणि आज्ञा देणारा, दोन्ही एजंटच असू शकतो.

येथे जुन्या गृहीतांची अडचण होते. पडदा भरला की जीडीबी थांबून वाचकाच्या कळीची वाट पाहते. टर्मिनलसारख्या जोडणीवरील एजंट तेथेच अडकून पडू शकतो. उलट टर्मिनल नसेल तर ‘खरेच करायचे का?’ या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर जीडीबी स्वतःच देऊन मोकळी होते. माणसासाठी ठेवलेला कुंपणाचा फाटक एजंटापुढे उघडाच राहतो. म्हणून एजंटासाठी लिहिताना केवळ सेटिंगचे नाव व अर्थ देऊन भागत नाही. मूळ किंमत कोणती, बदल किती काळ टिकतो, पूर्वस्थितीला कसे यावे आणि कोणता प्रश्न विचारलाच जाणार नाही, हेही लिहावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते यातील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

सर्वांत नाजूक जागा सेटिंग्जच्या फाइलची. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या अशा फाइलमधून डीबगरला कोणत्याही आज्ञा देता येतात. म्हणून २०१२ पासून जीडीबी विश्वासार्ह न ठरवलेल्या ठिकाणची फाइल आपोआप चालवत नाही. नकार देताना ती एक सूचनाही छापते : ही फाइल चालवायची असल्यास आपल्या सेटिंग्जमध्ये अमुक ओळ घाला. माणूस ती ओळ वाचून क्षणभर थांबेल, फाइल कोणी ठेवली हे पाहील. काम पुरे करण्यास सांगितलेल्या एजंटाला मात्र ती पुढची पायरी वाटू शकते.