आठवण ठेवणारा रोध

विजेच्या मंडलाचे मूलघटक दीर्घकाळ तीनच मानले जात: रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टर. १९७१ मध्ये लिऑन च्युआ यांनी गणिताने चौथा मांडला आणि त्याला ‘मेमरिस्टर’ म्हटले. नाव ठरले, वस्तू हाती नव्हती. ती सापडल्याचे २००८ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डच्या स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये जाहीर केले. हा इतिहास बहुधा या दोन सनांत सांगतात. मला त्यात तिसरा घालावासा वाटतो: १९६२.

मेमरिस्टर म्हणजे काय, हे आमच्या शेवगावकडे दारे धरणाऱ्याला लवकर उमगेल. मातीच्या पाटाने पाणी गेले की पाट खोलावतो आणि पुढच्या पाळीला पाणी सुलभ वाहते. मेमरिस्टरमध्ये आधी किती वीज गेली यावर रोध ठरतो, आणि प्रवाह थांबला तरी तो टिकतो. उलट्या प्रवाहाने मात्र वाट पुन्हा आखडते; पाटाचा दाखला इथे संपतो. विल्यम्स यांच्या घटकात टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटर थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा सरकत होत्या.

आता १९६२. त्या वर्षी हिकमॉट यांनी ऑक्साइडच्या पातळ थरांतील रोधाचे नियमाबाहेरचे वागणे नोंदवले होते. म्हणजे नावाच्या नऊ वर्षे आधीच तशा वस्तूच्या खुणा प्रयोगशाळेत दिसत होत्या. नाव आणि वस्तू यांची गाठ पडायला पुढे ३७ वर्षे लागली. ती खरोखर पडली का, यावर अजूनही वाद आहे.

या गाठीला महत्त्व आले ते मेंदूमुळे. संगणकात स्मृती एकीकडे, आकडेमोड दुसरीकडे. त्यांच्यातल्या येरझाऱ्यांतच पुष्कळ वीज खर्ची पडते. मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो, कारण त्याच्या पेशींचे सांधे आठवण जपतात आणि कामही करतात. मेमरिस्टर तशा सांध्याची जागा घेऊ शकतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तुकाराम डोंगळे, रजनीश कामत आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास झिंक ऑक्साइडचा थर पाण्यातील रासायनिक द्रावणातून बसवून मेमरिस्टर घडवला. प्रत्येक वेळी अवाढव्य यंत्रेच लागतात असे नाही, हे त्यातून दिसते.

साधने मिळतीलही, नजरेचे काय? मेमरिस्टरची ओळख हीच की व्होल्टेज चढवताना आणि उतरवताना घेतलेली वाचने जुळत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजांत असे वाचन प्रयोगवहीतून खोडून अपेक्षित आकडा लिहिला जातो. गुण मिळतात, पण हिकमॉट यांनी जे नोंदवून ठेवले, नेमके तेच पुसले जाते.