जुन्या मोटारीची दुसरी जोडणी

शेंदूरजनाघाटात येऊन संत्र्याच्या कलमांविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग समजावून सांगण्यासारखे आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधावा हे येथील शाळकरी पोरही मला शिकवील. तेव्हा त्या वाटेला मी जाणार नाही. मात्र पुढे एका ठिकाणी कलमाचा दाखला आपल्याकडूनच उसना घ्यावा लागणार आहे, एवढे आधी सांगून ठेवतो.

आजचा विषय जुन्या मोटारगाडीचा. वाड्यामागच्या ज्या छपराखाली एके काळी दमणी उभी असे, त्याच छपराखाली धूळ खात पडलेली मोठी अमेरिकन गाडी आपल्यापैकी काही जणांनी लहानपणी पाहिली असेल. तिच्या गादीतून काथ्या बाहेर आलेला, टायर जमिनीला बसलेले, आणि बोनेटवर कोंबड्या. भंगारवाला तिचा भाव वजनावर करतो. घरातला एखादा हौशी तरुण मात्र म्हणतो, की आपण ही सारी खोलू आणि पुन्हा जोडू. ही हौस परदेशी आणि श्रीमंतांची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे.

परदेशी म्हणावयाची ती हौस अशी. 1964 सालचे मॉडेल म्हणून पाँटियाक कंपनीने अमेरिकेत 'जीटीओ' नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवावयाचे, एवढीच तिची युक्ती. आठ सिलिंडर, 389 घनइंच आणि 325 अश्वशक्ती! त्याच वर्षी आपल्याकडे फियाट 1100 डी आली. तिचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे, म्हणजे त्या इंजिनाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याचे. अशा दांडग्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणू लागले. आपण त्यांना पैलवान गाड्या म्हणू. 1970 चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते आणि 1973 ची तेलटंचाई यांनी या पैलवानांचा आखाडा मोडला. पुढे, तरुणपणी त्या घेणे ज्यांना परवडले नव्हते अशा कारकुनांनी आणि कामगारांनी मध्यमवयात त्यांचे गंजलेले सांगाडे विकत घेतले, आणि रात्री-रविवारी घरच्या गॅरेजात बसून ते उभे केले. त्यांना एक सोय होती. दाराच्या रबरी पट्टीपासून आसनाच्या कापडापर्यंत बहुतेक सारे भाग नव्याने बनविणारे कारखाने निघाले, आणि सूचीपत्र पाहून ते टपालाने मागविता येऊ लागले.

आपल्याकडे या गाड्या व्यापारी रीतीने कधी आल्याच नाहीत, कारण 1949 मध्ये सरकारने तयार मोटारींची आयात बंद केली. पण त्यांची थोरली भावंडे मात्र आली होती. ज्या प्लिमथ घराण्यातून 1968 साली 'रोडरनर' ही पैलवान गाडी निघाली, त्याच घराण्याच्या साध्या, सहा सिलिंडरांच्या गाड्या वीस वर्षे आधी मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जात होत्या.

'जोडल्या जात होत्या' हे शब्द मी मुद्दाम वापरले. आपल्या देशात मोटारधंद्याची सुरुवातच जोडणीने झाली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना काढला. तेथे शेव्हर्ले गाड्यांचे सुटे भाग खोक्यांतून उतरत आणि गाडी होऊन बाहेर पडत. पुढे फोर्डनेही मुंबईत तेच केले. संपूर्ण गाडी येथेच घडवावी, ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी तिसाव्या दशकात मांडली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेत जाऊन क्रायस्लर कंपनीशी त्यांनी बोलणी केली. युद्धकाळातल्या सरकारने मात्र पाठबळ दिले नाही. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि 1947 पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो व प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. 1949 मध्ये माझगावला महिंद्रांनी जीपची जोडणी सुरू केली. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरविले, की ज्यांची येथे भाग बनविण्याची योजना नाही त्यांनी नुसती जोडणी थांबवावी. आणि पुढल्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. तेव्हा छपराखालच्या त्या गाडीची पहिली जोडणी फिटर लोकांनी, येथल्याच हातांनी केलेली आहे. आता करावयाची ती दुसरी.

गाडी खोलणे हे दोन रविवारांचे काम. जोडणे कधी कधी दोन वर्षांचे. शहाणा माणूस प्रत्येक बोल्ट डबीत घालून चिठ्ठी लावतो, आणि खोलण्याआधी फोटो काढून ठेवतो. कुर्ल्याच्या त्या काळच्या प्लिमथ-डॉजमध्ये दोन गोष्टी नव्या माणसाला हमखास फसवितात. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरता फिरता बोल्ट सैल पडू नयेत, हा त्यातला हेतू. हे ठाऊक नसलेला पान्याला पाइप लावून जोर करतो, आणि बोल्टाचे डोके हातात येते. दुसरी गोष्ट बॅटरीची. ती 6 व्होल्टची असते आणि तिचे धन टोक चासीला जोडलेले असते. आजची सारी विद्या याच्या उलट असल्याने पुष्कळ जण तारा सवयीने उलट जोडतात, आणि मग ठिणगी दुबळी का पडते म्हणून दिवसभर कार्ब्युरेटर साफ करीत बसतात.

इंजिन त्या मानाने भोळे. सहा सिलिंडर एका ओळीत आणि वाल्व बाजूला. वरचे हेड म्हणजे सपाट लोखंडी झाकणच. क्रँक जेथे बेअरिंगमध्ये फिरतो तेथे तो लंबगोल झिजतो. त्याला ग्राइंडिंग करून पुन्हा गोल करावयाचे आणि तेवढ्या जाड बेअरिंगा बसवावयाच्या. सिलिंडरला बोअर मारावयाचा, मोठे पिस्टन व रिंगा घालावयाच्या. हे काम आजही जिल्ह्याच्या गावी होते. अडते ते बारीक गोष्टींपाशी. ब्रेकच्या सिलिंडरला आतून खड्डे पडलेले असतात, आणि नवा सिलिंडर येथल्या बाजारात मिळत नाही. मग लेथवर पितळेचा बुश कातून आत ठोकावा लागतो. गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून कापावे लागते. मडगार्डचे गंजलेले ओठ कापून डेंटरला नवा पत्रा हाताने वळवावा लागतो. युद्धापूर्वीच्या पुष्कळ शेव्हर्ले गाड्यांत तर बॉडीच्या आत लाकडी चौकट असते. तेथे दमणीचे आरे बसविणाऱ्या सुताराचाच हात लागतो.

माझ्या मते ही विद्या गाडीपेक्षा मोलाची आहे. लेथवरचे म्हातारे मिस्त्री जुना भाग पाहून नवा घडवू शकतात. त्यांच्या हाताखालच्या पोरांना जुना काढून नवा घालणे तेवढे शिकावयास मिळते. आणि तो त्या पोरांचा दोष नव्हे, कारण आजच्या गाड्यांना दुसरे काही लागतच नाही.

आता कलमाचा दाखला. पेट्रोल महागले तेव्हा आपल्याकडे पुष्कळ मोठ्या अमेरिकन गाड्यांचे मूळ इंजिन काढून तेथे पर्किन्ससारखे डिझेल इंजिन बसविण्यात आले. खुंट अमेरिकेचा, डोळा दुसऱ्याच जातीचा. जाणकार हौशी लोक अशा गाडीला नाक मुरडतात. चासी आणि इंजिन यांचे मूळ आकडे जुळले पाहिजेत, हा तिकडला दंडक त्यांनी जशाचा तसा घेतला आहे. केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांतही त्याचाच पडसाद आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षांची, आणि नंबरपट्टीवर राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए'. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. अशी गाडी प्रदर्शनात, जुन्या गाड्यांच्या रॅलीत वा अभ्यासासाठी न्यावी. रोजच्या वापरासाठी ती नाही.

हा नियम लबाडीला आळा घालण्यासाठी आहे, आणि तो ठेवणे मला मान्य आहे. परंतु यामुळे ज्या गाड्या तीस-चाळीस वर्षे खऱ्या अर्थाने राबल्या, नेमक्या त्याच बाहेर राहतात. सामान्य नोंदणीचे नूतनीकरण त्यांना मोकळे असले तरी मान मिळतो तो न राबलेल्या गाडीला. या मानाच्या लोभाने काही जण डिझेल इंजिन काढून टाकतात, दुसऱ्याच एखाद्या गाडीचे पेट्रोल इंजिन आणून बसवितात आणि गाडी 'अस्सल' झाली म्हणतात. हे मला पटत नाही. मूळ इंजिन घराच्या कोपऱ्यात पडलेले असेल तर अवश्य बसवावे. नसेल तर जे आहे ते राहू द्यावे. कलम केलेल्या झाडाला आपण खोटे संत्रे म्हणत नाही. मालकाने कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत ते इंजिन बदलले, हाही इतिहासच आहे, आणि रंगाच्या नव्या हाताखाली तो पुसला जातो.

म्हणून श्रोतेहो, पाना हाती घेण्यापूर्वी गाडीचे नोंदणीपुस्तक शोधावे आणि कोरड्या जागी ठेवावे. 1948 साली अमरावतीस नोंदलेली गाडी छपराखालून न हलता चार राज्यकारभार पाहून झालेली असते. नोंद झाली तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड, 1950 पासून मध्यप्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्वैभाषिक मुंबई, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. त्याच पुस्तकात कोठेतरी इंजिनाचा जुना आकडा खोडून त्याच्याखाली नवा लिहिलेला सापडण्याचा संभव आहे.