मालवणची जाळी आणि डॉल्फिन

मालवणच्या किनाऱ्यावरची जुनी मासेमारी रापणीची. होडीने अर्धवर्तुळात सोडलेले जाळे दोन्ही टोकांनी माणसे किनाऱ्यावर ओढत. जाळे उथळ पाण्यात येई, भोवती माणसे असत. त्यामुळे अडकलेले कासव किंवा डॉल्फिन जिवंत सोडणे शक्य होते. यांत्रिक नौका आणि नायलॉनची जाळी आल्यावर ही सोय संपली. डॉल्फिन फुप्फुसांनी श्वास घेतो. दूर समुद्रात पसरलेल्या तरत्या जाळ्यात तो गुंतला, तर वर येता न आल्याने गुदमरतो. शिवाय जाळ्यातले मासे खाताना तो जाळी फाडतो आणि मच्छीमाराचे खरे नुकसान होते.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला संरक्षण दिले, 1987मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. पण भरपाईविना निव्वळ मनाई मच्छीमारावर अन्याय करणारी होती. डिसेंबर 2018मध्ये राज्य सरकारने ही उणीव काही अंशी भरून काढली: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्यास 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते.